आबांची मात्रा

जळगावात पिंप्राळ्याला जितेंद्र पाटलाच्या घरापुढे चुन्याच्या तीन रेघा मारलेल्या होत्या. पहिली फाटकाला लागून, दुसरी तुळशीच्या कुंडीपाशी आणि तिसरी थेट पायरीखाली. नव्या पोस्टमनला वाटलं, पोरांच्या क्रिकेटच्या असतील. शेजारच्या काकूंना वाटलं, कुणीतरी करणीबिरणी सांगितली असेल. खरं म्हणजे त्या रेघा जितेंद्रच्या वडिलांसाठी होत्या.

त्याचे वडील, उखर्डू आबा, जामनेर तालुक्यात पहूरला राहायचे. घरी दोन बैल, एक गाय, थोडी कपाशी आणि अंगाला या सगळ्याचा वास. जितेंद्रची मुलगी भूमिका सात वर्षांची, आणि तिला दमा. जितेंद्र एका फार्मसी कॉलेजात शिकवायचा आणि पीएचडीला त्याने विषयही दम्याचाच घेतलेला. घरीही दमा, कॉलेजातही दमा, तेव्हा त्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवायचं राहिलेलं नाही असा त्याचा समज होता. पोरीचा श्वास अडतो तो गावाकडच्या धुळीने, आणि ती धूळ घरात येते आबांच्या अंगावरून, हे त्याने एकदा ठरवलं ते ठरवलं. मग आबांची मात्रा बांधली गेली. फाटकाच्या रेघेवर उभे राहिले तर लो, तुळशीपर्यंत आले तर मिडियम, पायरीशी आले तर हाय. हाय आजवर कधी द्यावी लागली नव्हती. चुनाही आबांनीच पहूरहून आणून दिला होता, गोठ्याला मारून उरलेला.

आबा दर रविवारी एसटीने यायचे. जितेंद्र सकाळी कॉलेजात जाऊन प्रयोगाच्या जनावरांचं चारापाणी करायचा आणि तसाच परस्पर स्टँडवर जाऊन त्यांना मोटारसायकलवर घेऊन यायचा. घराशी आलं की आबा बाहेरच्या नळावर कार्बोलिक साबणाने अंग खसाखसा घासत बसायचे. तेवढ्या वेळात जितेंद्र आत जाऊन भूमिकेला उचलून घ्यायचा, दोन गिरक्या मारायचा, तिच्या गालाला गाल लावायचा. रोज संध्याकाळीही घरात पाऊल टाकलं की त्याचं पहिलं काम हेच. बूट काढणं, हातपाय धुणं सगळं त्यानंतर. पोरीवर त्याचा फार जीव होता, आणि जीव असलेल्या माणसाला आपल्या हातून काही वाकडं होत असेल असं वाटतच नाही.

धुतलेला सदरा घालून आबा रेघेशी येऊन उभे राहायचे.

"जितू, आज मी लो का मिडियम?"

"लो, आबा."

"मांगच्या रईवारी बी लोच व्हतो ना रे?"

"मागच्या रविवारी तुम्ही गेल्यावर तिला पंप घ्यावा लागला."

"मंग राहू दे. लो ते लो."

आणि फाटकाशी उभं राहून आबा खिडकीतल्या नातीशी मोठ्यांदा गप्पा मारायचे. त्यामुळे पहूरची बारीकसारीक बातमी सगळ्या गल्लीला असायची. गाय व्याली, गोऱ्हा झाला, गोऱ्ह्याच्या कपाळावर पांढरा टिळा आहे, तो दोरी सोडून पळतो. भूमिकेने खिडकीतूनच त्याचं नाव पिंट्या ठेवलं. मग शेजारच्या काकूसुद्धा विचारायला लागल्या, आबा, पिंट्या कसा आहे?

"पप्पा, पोळ्याला मी पिंट्याला रंगवणार," भूमिकेने एके दिवशी सांगून टाकलं. "आबा म्हणतात, त्याच्या पाठीवर हाताचे ठसे मारायचे."

जितेंद्रने तिला समोर बसवून नीट समजावलं. त्याचा प्रयोग याच प्रश्नाचा आहे. किती धूळ श्वासात गेली तर श्वासनळी किती आवळते, थोडी चालते का, मुळीच चालत नाही, की सवय होते. उत्तर मिळालं की पोळ्याला तो स्वतः तिला पहूरला नेईल.

"आणि उत्तर वाईट आलं तर?"

"तर मग आबा आहेतच की फाटकाशी," तो म्हणाला. त्याची बायको नूतन भाजी निवडत होती. तिने नुसतं वर पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

म्हणजे बघा, सात वर्षांच्या पोरीचा पोळा आणि सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याचं नातीला एकदा कडेवर घेणं, या दोन्ही गोष्टी आता गिनीपिगांच्या फुप्फुसांवर येऊन ठेपल्या होत्या.

हे गिनीपिग त्याने धुळ्याहून आणले होते. त्याचे गाईड सर धुळ्याला, त्यांच्याच ओळखीने. एसटीत खोकं मांडीवर घेऊन तो पारोळा-एरंडोल करत जळगावला आला, तेव्हा शेजारच्या बाईने आंबे समजून भाव विचारला होता. प्रयोगाची रीत साधी होती. काही पिल्लांना धूळ अजिबात नाही, काहींना थोडी, काहींना भरपूर. महिना-दीड महिना अशी धूळ हुंगवायची, मग प्लास्टिकच्या बंद पेटीत बसवून श्वासनळी चाळवणाऱ्या औषधाचा एक फवारा सोडायचा आणि श्वास किती अडतो ते यंत्रावर मोजायचं. शेवटी पिल्लू मारून श्वासनळी कापून बघायची, आतून सूज किती आहे ती. पुस्तकं याबद्दल असं सांगत होती की थोडी धूळ दिली तर नळी सुजते, जास्त दिली तर जास्त सुजते, आणि फार दिवस देत राहिलं तर कधीकधी सूज उतरतेही. म्हणजे काहीही झालं तरी पुस्तक खोटं पडणार नव्हतं.

धूळ मात्र जितेंद्रला अस्सल हवी होती, पोरीला बाधते तीच. म्हणून आबा दर रविवारी पहूरच्या गोठ्यातली आणि कपाशीच्या खोलीतली धूळ डालड्याच्या डब्यात भरून आणायचे. "वस्त्रगाळ करून आनली हाये," ते अभिमानाने सांगायचे. "खडा सापडला तर माह्या कान धर." आपल्या घरची धूळ शास्त्राच्या कामी येते आहे याचं त्यांना फार अप्रूप वाटायचं.

घोडं अडलं ते भलतीकडेच. प्रयोगाला कोवळी पिल्लं लागत, आणि धुळ्याच्या माद्यांना पिल्लं व्हायची पण ती जगायची नाहीत. झाली, दोन दिवस चुळबुळली, गेली. पुन्हा झाली, पुन्हा गेली. जितेंद्रने पाणी उकळून दिलं, पिंजरे फिनेलने धुतले, हिरवा लसूणघास धुऊन दिला. काही उपयोग झाला नाही. धुळ्याहून गाईड सरांनी फोनवर सांगितलं, "जितेंद्र, आता जगली तर ठीक. नाहीतर विषय बदला, तुळशीच्या काढ्यावर काहीतरी करू."

विषय बदलला तर पोळा गेला. आखाड लागला होता.

त्या रविवारी आबा धुळीचा डबा घेऊन परस्पर कॉलेजातच आले. मागल्या बाजूला पत्र्याच्या खोलीत जनावरं ठेवलेली असत. आदल्या रात्री बारा पिल्लं झाली होती आणि जितेंद्र त्यांच्यापुढे तोंड पाडून बसला होता. आबांनी डबा खाली ठेवला आणि पिल्लांकडे पाहिलं.

"अरे, ह्याहीचं ते माह्यासारखंच हाये," ते म्हणाले.

"काय तुमच्यासारखं?"

"माह्या आंधीचे तीन गेले व्हते मायचे. मी झालो तसं मले उखर्ड्यावर नेऊन टाकलं. सटवाईले वाटलं, हे टाकून देलेलं पोर, नेऊन काय करू? मंग शेजारची म्हतारी आली, तिनं मूठभर ज्वारी देली अन् मले इकत घेतलं. नाव ठेवलं उखर्डू. मायले सांगे, पोरगं माह्यं हाये, तू फक्त दूध पाज. आज पाहाय, सत्तरी वलांडली, एक शिंक नही."

जितेंद्रने आबांना समजावलं की ही अंधश्रद्धा आहे, हे विज्ञानाचं काम आहे, आणि उकिरड्यावर कोट्यवधी जंतू असतात. आबांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. तेवढ्यात कोपऱ्यातलं एक पिल्लू आडवं झालं आणि पाय ताणायला लागलं. जितेंद्र उठला, बाराही पिल्लं मऊ फडक्याच्या टोपलीत भरली आणि कुणी बघत नाही ना ते पाहत मागच्या दाराने निघाला. एम. फार्म. झालेला माणूस एवढा भराभर चालताना मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

कॉलेज ज्या ट्रस्टचं, त्याच ट्रस्टची गोशाळा भिंतीला लागून होती, आणि तिचा उकिरडा चांगला छातीभर उंच. जितेंद्रने पिल्लं त्यावर ठेवली. ती लुटूलुटू हलली, शेणकाड्यात माखली, आणि आबा हात जोडून काहीतरी पुटपुटले. तेव्हाच मागून आवाज आला.

"अरे राम! जितेंद्रभाऊ, इतके छोटे टाबर इथे कशाला टाकले?"

ट्रस्टचे अध्यक्ष रिखबचंदजी, त्यांच्या या पत्नी, सज्जनबाई. रोज सकाळी गाईंना गूळ आणि पारव्यांना ज्वारी घालायला त्या गोशाळेत यायच्या. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघत चालणारी ही बाई, आणि समोर शेणात वळवळणारे बारा जीव. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला, एकेक पिल्लू उचललं आणि पदरात घेतलं. जितेंद्रने रिकामी टोपली पाठीमागे धरली. पण आबांना यात कसली अडचण दिसलीच नाही. उलट माणूस अगदी वेळेवर आलं होतं.

"अक्का," ते म्हणाले, "मूठभर ज्वारी द्या अन् घेऊन टाका. मंग ते तुमचे झाले. कोन्ही नेनार नही त्याहिले."

सज्जनबाईंनी सगळी हकिकत विचारून घेतली. मग पारव्यांच्या डब्यातली मूठभर ज्वारी जितेंद्रच्या ओंजळीत घातली. "आजपासून हे म्हारा टाबर, माझी लेकरं," त्या म्हणाल्या. "तू सांभाळ. पण माझे आहेत, ध्यानात ठेव." जितेंद्रने ज्वारी खिशात घातली. नाही म्हणायचं तर ट्रस्टच्या अध्यक्षांच्या बायकोला काय म्हणून नाही म्हणायचं?

आणि बाराच्या बारा जगली. सगळ्यांचं नाव एकच, उखर्डू. पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लागल्या, उखर्डू एक, उखर्डू दोन, अशा बारापर्यंत. आबा दर रविवारी चिठ्ठ्या वाचायचे आणि सांगायचे, गावात माझ्या नावाचा दुसरा कुणी राहिला नव्हता, आता भरभराट झाली. जितेंद्रही खुलला. एकेकाला छातीशी धरून त्याच्या कानामागे खाजवल्याशिवाय त्याला चैन पडेना. घरी येईपर्यंत सदऱ्यावर तांबडे-पांढरे केस चिकटलेले असायचे. नूतन म्हणायची, अहो, झटकून तरी या. तो म्हणायचा, आधी माझी भूमी कुठंय? आणि तिला उचलायचा. संध्याकाळी हमखास तिची छाती वाजायला लागायची, मग तो हळहळत पंप आणायला धावायचा आणि पहूरच्या दिशेने बघून उसासा टाकायचा.

सगळ्यात जास्त धूळ त्याने या बारा उखर्डूंनाच दिली. दिवस भरल्यावर पेटीत बसवून पहिला फवारा सोडला. उखर्डू एकने मिशा हलवल्या आणि पेटीच्या कोपऱ्यात राहिलेलं घासाचं पान खाल्लं. श्वास सरळ. दुसरा फवारा, तिसरा फवारा, श्वास सरळ. बाराच्या बारा तशीच. उलट ज्यांना धूळ कधी दाखवलीच नव्हती ती स्वच्छ पिंजऱ्यातली, धुळ्याहून आलेली जुनी जनावरं पहिल्याच फवाऱ्याला धापा टाकायला लागली.

"मशीन बिघडलं असेल," गाईड सर फोनवर म्हणाले.

मशीन तपासायचं म्हणून जितेंद्रने स्वतःच्या नाकाशी फवारा धरला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत शिंकला. मशीन बरोबर होतं.

"मग त्या बारा जनावरांना वेगळं काही केलंत का?"

"सर, जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवली होती."

"उकिरडा," सर म्हणाले, "हा पद्धतीत कसा बसवायचा, जितेंद्र? किती मात्रा, किती वेळ, कुठल्या जनावराचं शेण? बाहेरचे परीक्षक विचारतील मला." आणि पुढे म्हणाले, "आता श्वासनळ्या कापूनच बघा. तेवढंच उरलं."

श्रावण लागला होता. सज्जनबाईंची त्या दिवसांत अठ्ठाई सुरू व्हायची होती, म्हणजे नुसत्या पाण्यावर आठ दिवसांचा उपवास. त्याआधी लेकरांना बघून यावं म्हणून त्या लसूणघासाची जुडी घेऊन पत्र्याच्या खोलीत आल्या. जितेंद्रने उखर्डू सातला पेटीत घातलेलं, हातात फवारा, आणि बाजूच्या टेबलावर कात्री-चिमटे मांडलेले. सज्जनबाईंनी आधी पेटीकडे पाहिलं, मग कात्रीकडे.

"हे कशासाठी?"

खोटं बोलायची जितेंद्रला सवय नव्हती. तेवढा एक गुण त्याच्यात होता आणि तो नको तेव्हा उपयोगी पडायचा. त्याने सगळं सांगितलं. नळी, सूज, कात्री.

"मरू नये म्हणून मला विकलेस," सज्जनबाई म्हणाल्या, "आणि मारायला सांभाळतोस?"

आपण केलं काय, हे त्या वेळी त्याला पहिल्यांदा नीट दिसलं, आणि त्याला मनापासून लाज वाटली.

सज्जनबाईंनी मग आबांना फोन लावायला लावला आणि विचारलं, की उकिरड्यावर टाकणाऱ्याचा पोरावर हक्क किती? आबांनी पहूरहून खणखणीत आवाजात सांगितलं, की काही नाही. घेणारीने हो म्हटल्याशिवाय टाकणाऱ्याने तोंडसुद्धा बघायचं नसतं, त्यांच्या बापाने सव्वा महिना त्यांना पाहिलं नव्हतं. आपण कुणाच्या विरुद्ध साक्ष देतो आहोत याची त्यांना कल्पना नव्हती, आणि असती तरी त्यांनी तेच सांगितलं असतं. सज्जनबाईंनी खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली आणि गोशाळेच्या माणसाला चारापाण्याचं सांगून उपवासाला बसल्या.

जितेंद्र रजा टाकून घरी बसला. प्रयोग अडकला, पोळा जवळ आला, हातात काही नाही. दिवसभर तो फरशी पुसायचा. भूमिकेचा श्वास ऐकायला तिच्या पाठीला कान लावायचा. श्वास मोकळा होता. दुसऱ्या दिवशी मोकळा, चौथ्या दिवशी मोकळा. नूतन म्हणाली, "पंप नुसता पडून आहे." तो म्हणाला, "फरशीचा परिणाम." नूतनने कपाळाला हात लावला.

पुढच्या रविवारी त्याने स्टँडवर आबांना सरळ घरूनच जाऊन आणलं. आबांनी अंग घासलं, सदरा घातला, लोच्या रेघेवर उभे राहिले आणि सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून उंच धरलं. पिंट्याच्या गळ्यातली घुंगरांची माळ होती, पोळ्यासाठी नवी आणलेली. ती वाजली मात्र, भूमिका खिडकीतून नाहीशी झाली, दारातून बाहेर आली आणि हाय, मिडियम, लो अशा तिन्ही रेघा ओलांडून आबांच्या गळ्यात पडली. आबा दोन्ही हात वर करून उभे राहिले. पोलिसांनी धरल्यावर राहतात तसे.

"जितू, मी नही हात लावला! तीच आली!"

जितेंद्र पंप घेऊन धावला. नूतन मागून धावली. सगळे तिच्या छातीकडे बघत राहिले. भूमिका आबांच्या सदऱ्याला नाक घासून म्हणाली, "आबा, तुम्हाला पिंट्याचा वास येतो." चहा झाला, जेवणं झाली, आबांचे हात हळूहळू खाली आले आणि अखेर तिच्या पाठीवर ठेवले गेले. तिची छाती काही वाजली नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते म्हणत राहिले, धूळ गेली, धूळ गेली डोळ्यात. धूळ कुठली? जितेंद्रने फरशी तीनदा पुसली होती.

संध्याकाळी सज्जनबाईंचा निरोप आला. उपवास सुटला, पारणं झालं, मन निवलं. एकदा येऊन टाबर बघून जा. कापायचं नाही, नुसतं बघायचं. जितेंद्र आनंदाने गेला. बारा उखर्डू त्याला पाहून शिट्ट्या मारायला लागले. त्याने एकेकाला उचललं, छातीशी धरलं, कानात सांगितलं की भूमी पहूरला जाणार. मग मोटारसायकल दामटत घरी आला. आबा पायरीवर बसलेले, भूमिका त्यांच्या मांडीवर. त्याने तिला झेलून घेतलं, गिरक्या मारल्या, गालाला गाल लावला. "चल पोळ्याला!"

नूतनने चहा गाळला तोवर भूमिकेची छाती वाजायला लागली.

पंप दिला, धाप उतरली. आबा आपले आपण उठून निमूटपणे फाटकाकडे चालायला लागले, लोच्या रेघेवर.

"आबा, थांबा," नूतन म्हणाली. ती जितेंद्रच्या सदऱ्याकडे बघत होती. तिने पुढे होऊन त्याच्या छातीवरून तांबड्या-पांढऱ्या केसांची एक पुंजकी उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

जितेंद्र त्या पुंजकीकडे बघत राहिला. रोजच्या संध्याकाळी आठवल्या. रविवार आठवले, जनावरांचं चारापाणी करून तसंच स्टँडवर जाणं, आबा नळावर अंग घासत असताना आत जाऊन तिला उचलणं. मग बाहेर येऊन सांगणं, लो, आबा.

धुळ्याच्या ऍलर्जीच्या डॉक्टरांनी भूमिकेच्या हातावर थेंब टाकून टोचून पाहिलं. गाय, बैल, कापूस, कडबा, घरची धूळ, आणि वडील कुठे काम करतात हे ऐकून गिनीपिग. शेवटचा एकच ठिपका फुगला, चांगला टपोरा. "या मुलीला गावाकडे जाऊ द्या," ते म्हणाले. "पंप सोबत ठेवा, गोठ्यात पहिल्या दिवशी फार वेळ नको. आणि तुम्ही त्या जनावरांचं काम करत असाल, तर अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय हिच्याजवळ जायचं नाही." घरी येताना एसटीत जितेंद्र खिडकीकडे तोंड करून बसला होता. पारोळा गेलं तरी तो वळला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आबा भूमिकेला आणि नूतनला पहूरला घेऊन गेले. जितेंद्र मागे राहिला, कारण सज्जनबाईंनी उखर्डूंना कायमचं पांजरापोळात हलवायचं ठरवलं होतं आणि पिंजरे उचलायला तो लागणार होता. पोळ्याच्या सकाळी बाराही जनावरं त्याने हाताने नव्या जागी सोडली. गाईड सरांनी उकिरड्यावरच विषय बांधून द्यायचं कबूल केलं होतं, शेण कुठल्या जनावराचं ते लिहून देण्याच्या अटीवर. दुपार टळली तेव्हा तो तसाच मोटारसायकलवर बसला. अंघोळीला थांबलो तर बैल मिरवून होतील, असं त्याला वाटलं.

पहूरच्या घरापुढे हलगी वाजत होती. बैल सजलेले, पिंट्याच्या पाठीवर भूमिकेच्या हातांचे लाल ठसे. भूमिका आबांच्या कडेवर. रंगाने माखलेली, शेणाने माखलेली, तोंडभर हसणारी. आबांनी जितेंद्रला येताना पाहिलं आणि त्याच्या सदऱ्याकडेही पाहिलं. फाटकाशी गोठ्याच्या चुन्याची ताजी पांढरी रेघ होती.

"पप्पा, तिथंच!" भूमिका ओरडली. "तुम्ही लो!"

तो रेघेवर थांबला. बैल वळले, हलगी पुढे गेली, भूमिका हात हलवत राहिली. तिच्या केसांना हात लावावा म्हणून त्याचा हात उठला आणि मधेच राहिला. इथून तिथवर पाचसहा पावलं होती आणि ती टाकता येत नव्हती.

आबा नातीला नूतनकडे देऊन रेघेपाशी आले. घंगाळात पाणी काढून ठेवलं होतं, सदराही काढून ठेवला होता, ते त्यांनी सांगितलं. जितेंद्र हलला नाही.

"आबा," तो म्हणाला, "तुम्ही इतके रविवार कसे उभे राहिलात?"

आबांनी थोडा विचार केला. त्यांना तो प्रश्न अवघड वाटला असं दिसलं नाही.

"कसं म्हन्जे? ती दिसे ना खिडकीत," ते म्हणाले, आणि त्याच्या हातात कार्बोलिक साबण ठेवला.